एकशे आठ झेल

"हात मागे घे. चेंडूला जागा दे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते इंग्रजीत. बोलणाऱ्या बाई पांढऱ्या केसांच्या होत्या आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मैदानावर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर पुण्याहून शिकायला आलेली एक सडपातळ मुलगी होती, आणि तिच्या हातात मी. चेंडू यायचा, माझ्या जाळीवर आपटायचा आणि उडून जायचा. मुलगी मला अशी पुढे करायची, जणू चेंडूला फटकाच मारायचा आहे. बाई न चिडता पुन्हा तेच सांगायच्या. आठव्या की नवव्या दिवशी मुलीने हात मागे घेतला आणि चेंडू अलगद माझ्या पोटात येऊन बसला. आपण कशासाठी तरी जन्मलो आहोत, असं मला त्या दिवशी प्रथम वाटलं.

मित्रांनो, मी एक जुनी लॅक्रॉसची काठी आहे. नाव अवघड असलं तरी गोष्ट सोपी आहे. मला अॅल्युमिनियमचा दांडा आहे. टोकाला प्लॅस्टिकची लांबट चौकट आहे, आणि त्या चौकटीत चामड्याच्या चार पट्ट्या आणि दोऱ्या यांची विणलेली जाळी आहे. धावता धावता या जाळीत रबराचा चेंडू झेलायचा, सांभाळायचा आणि जाळीतूनच भिरकावून गोल करायचा, असा तो खेळ. जाळीच्या मधल्या खोलगट भागाला आमच्या मैदानावर 'पोट' म्हणतात. माझी चौकट यंत्राने काढली, पण पोट मात्र एका बाईने हाताने विणलं होतं. ती विणताना काहीतरी गुणगुणत होती. ते गाणं होतं की प्रार्थना, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या पुण्याच्या मुलीचं नाव दर्शना. ती माझ्याबरोबर चार वर्षं खेळली आणि एक वर्ष त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या हाताखाली शिकवायलाही शिकली. निरोपाच्या दिवशी बाईंनी तिला एक नेम घालून दिला. रोज सकाळी भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत आलेला झेलायचा. किती वेळा, ते तुझं तू ठरव, म्हणाल्या. दर्शनाने एकशे आठ ठरवले. का, ते बाईंना समजलं नसावं. मला तरी कुठे समजलं होतं.

मग दर्शनाचं लग्न झालं आणि आम्ही दुबईला आलो. माझी लांबी बॅगेत मावेना, म्हणून दांडा बाहेर काढून चेन लावलेली. विमानतळावरच्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, मच्छी पकडने का है? दर्शना हो म्हणाली, कारण मागे रांग मोठी होती. मी गोंधळले. पाच वर्षं ज्याला मी माझं काम समजत होते, ते एका शब्दात पुसून गेलं.

दुबईच्या करामा वस्तीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माझा गोंधळ आणखी वाढला. दर्शनाचे यजमान नीलेश यांनी मला कौतुकाने देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभं केलं. पण त्यांच्या आई, प्रमिलाताई, हळूच म्हणाल्या की हिच्या अंगात चामडं आहे, हिला इथे नको. मोठ्याने बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचा दिवस तुळशीला पाणी घालून सुरू व्हायचा, मग एकशे आठ मण्यांची माळ, मग पोथीचा एक अध्याय. तेव्हा मला दारामागे चपलांच्या कपाटाशी जागा मिळाली. मी चप्पल नव्हते, आणि देवाजवळचीही नव्हते.

एके दिवशी प्रमिलाताईंनी मला दुरूनच निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा तर झेला आहे. माझे वडील कलमावर चढून याच्यानेच आंबा उतरवायचे. आंबा जमिनीला लागता कामा नये, म्हणून जाळीचं पोट चांगलं वीतभर खोल." दर्शना हसली आणि म्हणाली, "आई, हिचं पोट खोल चालत नाही." पण झेला हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. माझं कूळ नक्की कोणतं, आंब्याचं, माशाचं की चेंडूचं?

सकाळी मात्र शंका नसायची. इमारतीमागे पार्किंगची एक आंधळी भिंत होती. वर देवघरात प्रमिलाताईंची माळ चालायची आणि खाली आमचे झेल. पहिल्या दिवशी वॉचमन इद्रीस धावत आला आणि दीवार टूट जाएगी म्हणाला. महिन्याभरात तो आमच्या आवाजावर घड्याळ लावू लागला. दर्शनाला यायला उशीर झाला की विचारायचा, मॅडम, आज दीवार की छुट्टी?

शारजाच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात दर्शनाला काम मिळालं. तिथे एका इंग्रज बाईंनी मुलींचा लॅक्रॉसचा संघ सुरू केला होता. सहा जणी मैदानात आणि चार बाहेर, एवढासा संघ. तीन वर्षं दर्शना त्यांची मदतनीस होती. ती खुणेचे शंकू मांडायची, पट्ट्या बांधायची, कोणाच्या घरी काय चाललंय ते ऐकायची. मग मोसमाच्या मध्येच त्या बाई मायदेशी परतल्या आणि ऑफिसने दर्शनाला तात्पुरती मुख्य प्रशिक्षक केलं. तात्पुरती हा शब्द दोन वर्षांनी कोणीतरी पाटीवरून खोडला. त्यानंतर पाच मोसम झाले. दोनदा आम्ही स्पर्धा जिंकलो. कॉलेजच्या हॉलमध्ये तिचा फोटो लागला आणि फोटोत तिच्या खांद्याला टेकून मी होते. मला फार आनंद झाला, हे मी लपवत नाही.

मैदानावरची मुलं-माणसं साऱ्या जगातली. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, असा गलका चाललेला असायचा. पण पाण्याचे कॅन भरणारा आणि रेघा मारणारा गणू आपल्या राजापूरकडचा होता. पन्नाशीचा, बोलायला मोजका. त्याला खेळ कधी कळला नाही, पण चेंडू खाली पडला की तो चुकचुकायचा.

आणि अफनान. ती करामाशेजारच्या अल मनखूल भागात राहायची. आईवडील चिपळूणचे, पण जन्म इथला. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र इंग्रजीत. पहिल्या दिवशी ती चेंडूला इतकी घाबरली की डोळे मिटून उभी राहिली. दर्शनाने मला तिच्या हातात दिलं आणि ते जुनं वाक्य मराठीत सांगितलं. हात मागे घे, चेंडूला जागा दे. त्या मुलीला चेंडूपेक्षा माझी वीणच जास्त आवडली. ती बोटाने एकेक दोरी चाचपायची. इतर मुलींच्या काठ्यांना तयार जाळ्या होत्या, माझ्यासारखी हातची वीण कोणाला नव्हती. तिने विचारलं, हे मला येईल का? दर्शना म्हणाली, "मोसम संपला की मी तुला शिकवीन. तुझी काठी तू स्वतः विणायची. शब्द दिला."

अफनानने तो शब्द कुठेतरी जपून ठेवला. दर महिन्याला आठवण करून द्यायची आणि दर्शना इन्शाल्ला म्हणायची. मग अफनान लटक्या रागाने म्हणायची, "कोच, नॉट इन्शाल्ला. प्रॉमिस."

आता मला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पोटात चेंडू ठेवून काठी आडवी डोळ्यांसमोर धरली, तर चेंडूचा माथा चौकटीच्या कडेवर दिसला पाहिजे. चेंडू कडेखाली बुडाला तर काठी बाद. कारण खोल पोटातून चेंडू पडतच नाही आणि समोरचीला तो मिळवायची संधीच राहत नाही. सामन्याआधी सगळ्या काठ्या तपासून कागदावर सही करायची, ते काम मुख्य प्रशिक्षकाचं.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी माझी एक दोरी तुटली. दर्शना मला मैदानाच्या खोलीत ठेवून मीटिंगला गेली. गणूने मला पाहिलं. त्याने मला मांडीवर घेतलं, तेव्हा त्याचे हात ओळखीच्या वस्तूवर फिरावेत तसे फिरले. सैल दोऱ्या त्याने सोडल्या आणि खिशातली निळी नायलॉनची दोरी घेऊन, गावी झेला विणतात तसं मला विणलं. मधलं पोट चांगलं खोल केलं. संध्याकाळी दर्शनाच्या हातात मला देताना तो लाजत म्हणाला, "आता चेंडू पडायचा नाय, मॅडम."

दर्शनाने त्याचे आभार मानले. पण तिच्या कानाला फोन होता आणि डोळे घड्याळावर.

सामन्याच्या दिवशी सकाळी भिंतीपाशी आमचा नेम झाला. एरवी एकशे आठांत पाच-सहा तरी सुटायचे. त्या दिवशी एकही सुटला नाही. चेंडू येत होता आणि माझ्या पोटात शिरून गप्प बसत होता. मला आतून काहीतरी वेगळं वाटत होतं, पण वेगळं म्हणजे चांगलं की वाईट, हे ठरवता येईना. दर्शना मोजत होती. शंभर, एकशे एक, एकशे दोन. इद्रीसने टाळी वाजवली. वर जाऊन तिने सासूबाईंना सांगितलं की आज सगळे झेलले. प्रमिलाताईंनी हातातली माळ बाजूला ठेवून तिच्या तळहातावर साखर ठेवली. शुभशकुन झाला, म्हणाल्या.

मी त्या साखरेकडे पाहत होते. आजही ती माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सामना अबू धाबीच्या वाटेवरच्या एका मैदानात होता. दर्शनाने अकरा काठ्या रांगेत मांडल्या, दहा मुलींच्या आणि जादाची म्हणून मी. दहांत चेंडू ठेवून पाहिला. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली नाही. पंधरा वर्षं जी काठी हातात आहे तिला काय तपासायचं? तिने सही केली.

उत्तरार्धात अफनानच्या काठीची चौकट तडकली. दर्शनाने मला तिच्या हातात दिलं. एका गोलने आम्ही मागे होतो आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. चेंडू माझ्यात आला. तीन मुली अफनानला भिडल्या, त्यांनी मला ठोकलं, पण चेंडू हलेना. अफनान वळली आणि तिने मला झटका दिला. गोल झाला. मुली नाचू लागल्या. गणूने पाण्याचा कॅन खाली ठेवून हात जोडले.

मग समोरच्या संघाने काठी तपासायची मागणी केली. पंच बाईंनी माझ्यात चेंडू ठेवला आणि मला डोळ्यांसमोर आडवं धरलं. त्यांना चेंडू दिसला नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग मान हलवली. गोल रद्द झाला आणि सामना गेला.

समोरच्या बाकावरून चीटिंग असा शब्द आला. फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. अफनानने मला फेकलं नाही. तिने मला गवतावर अलगद ठेवलं आणि दर्शनासमोर येऊन उभी राहिली.

"कोच, डिड यू नो?"

दर्शनाची नजर माझ्यावर होती. निळ्या दोरीवर, गाठींवर. मग नजर गणूकडे वळली. तो ग्लास भरत होता, त्याला काहीच समजलं नव्हतं. त्याचं इथलं राहणं, जेवण, गावी जाणारा पैसा, सगळं त्या एका नोकरीवर उभं होतं. आणि आजूबाजूला ऑफिसची माणसं होती.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," दर्शना म्हणाली.

हे हो होतं की नाही, मला कळलं नाही. अफनानलाही कळलं नाही. तिने बॅग उचलली आणि बसमध्ये सर्वांत मागे जाऊन बसली. त्यानंतर ती सरावाला आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी गणूला कोणीतरी समजावून सांगितलं. तो टोपी हातात धरून आला. मीच केलं, साहेबांना जाऊन सांगतो, म्हणाला. दर्शनाने त्याला थांबवलं. कागदावर तुझी सही नाही, माझी आहे, असं सांगितलं. ऑफिसने लेखी विचारलं तेव्हा तिने दोनच ओळी लिहिल्या. तपासायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

पुढच्या मोसमासाठी तिच्याकडून मुख्य प्रशिक्षकपद काढून घेतलं गेलं. तिला पहिल्या वर्षाच्या मुलींचे व्यायामाचे तास मिळाले. हॉलमधला फोटो रंगकाम आहे म्हणून उतरवला, तो पुन्हा लागला नाही. आणि मी चपलांच्या कपाटामागे गेले. समोर नाही, मागे.

मित्रांनो, त्या अंधाऱ्या फटीत मी खूप विचार केला. गणूने प्रेमाने विणलं, ते चूक कसं? अफनानने जीव तोडून गोल केला, तो खोटा कसा? दर्शनाने एका माणसाला वाचवलं, पण गप्प राहून दुसऱ्या जिवाला दुखवलं, मग ती खरी वागली की नाही? आणि मी? मी तर तीच होते. चेंडू सांभाळणं एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मी तो आयुष्यात सगळ्यांत नीट सांभाळला होता.

सकाळचे झेल बंद झाले. इद्रीसने आठवडाभर विचारलं, मग विचारायचं सोडलं. माझ्या चामड्याला भेगा पडल्या. उन्हाळा आला आणि गेला.

एका सकाळी देवघरातली माळ मध्येच थांबल्यासारखी वाटली. पावलं दारापाशी आली. प्रमिलाताईंनी कपाट सरकवलं आणि मला बाहेर काढलं. चामड्यासकट, स्वतःच्या हाताने. मी शहारले. त्यांनी मला खिडकीशी नेलं, निळी गाठ बोटांत धरली आणि दर्शनाला हाक मारली.

"ही गाठ आमच्याकडची आहे. हे कोणी विणलं?"

दर्शना खुर्चीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. तोपर्यंत घरात ती एवढंच म्हणाली होती, की माझी चूक झाली. सांगून झाल्यावर प्रमिलाताईंनी माझ्या पोटात बोटं बुडवून पाहिली.

"खोल आहे हे मला, झेला माहीत असणारीला, कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "हिचं पोट खोल चालत नाही, हेही तूच मला सांगितलं होतंस. काठी माझ्यासमोर होती आणि मी साखर ठेवत बसले."

"आई, रोज हातात घेणारी मी. मी नुसती मोजत होते."

"माझंही होतं तसं. मणी पुढे जातात आणि मी मागेच कुठेतरी राहते. आता थांबले ती त्याचसाठी. पन्नास झाले होते आणि नाव एकदाही घेतलं नव्हतं." त्यांनी मला सुनेच्या मांडीवर ठेवलं. "त्या गणूला सांभाळलंस, बरं केलंस. पण त्या पोरीला तू काहीतरी शब्द दिला होतास ना?"

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली की आता मी तिची कोच नाही, आणि ती मला दारात तरी उभी करेल का. प्रमिलाताई म्हणाल्या, "शब्द कोचने दिला होता की तू?"

त्या दिवशी दुपारी दर्शनाने गणूला फोन केला. अफनानला एकटीला खरं सांगितलं तर चालेल का, असं विचारलं. मग गणू म्हणाला, "सांगा मॅडम. त्या मुलीच्या मनात तुमच्याविषयी तसं राहायला नको. माझं काय व्हायचं ते होवो."

मग तिने मला मांडीवर घेतलं आणि गणूच्या गाठी एकेक करून सोडवल्या. कात्री लावली नाही. निळ्या दोरीची गुंडाळी करून तिने ती परत द्यायला म्हणून बाजूला ठेवली. माझी नुसती चौकट उरली. इतकी रिकामी मी जन्मल्यापासून कधी नव्हते. तरी का कोण जाणे, बरं वाटलं.

मित्रांनो, मी फार शहाणी नाही. माझ्या साऱ्या आयुष्यातून मला एवढंच सांगावंसं वाटतं. जी वस्तू तुम्ही रोज हातात घेता, जे माणूस रोज समोर असतं, जो नेम रोज चालतो, त्याच्याकडे रोज एकदा नीट बघा. सवयीचं झालं की आपण मोजू लागतो आणि बघायचं सोडतो. मला तेल लावा असं मी म्हणत नाही. नुसता चेंडू ठेवून एकदा डोळ्यांसमोर धरा.

आज शुक्रवार आहे. अफनानचं घर दोन बसथांब्यांवर आहे. दर्शनाने पिशवीत एक नवी कोरी चौकट घेतली आहे, दोऱ्यांची दोन बंडलं, आणि चामड्याच्या आठ पट्ट्या, चार तिला आणि चार मला. पट्ट्या प्रमिलाताईंनी स्वतः धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. अफनानला फोन केलेला नाही, कारण फोनवर तिला नाही म्हणणं फार सोपं जाईल. दार उघडलं तर आधी खरं सांगायचं. ती चिडली तर चिडू द्यायची. मग वेळ मिळाला तर पहिली गाठ.

खाली इद्रीसने मान वर करून विचारलं, मॅडम, खेलने? दर्शनाने नाही अशी मान हलवली. मला खांद्यावर न टाकता तिने दोन्ही हातांत आडवं धरलं आणि माझ्या रिकाम्या चौकटीतून समोरचा रस्ता एकदा नीट पाहिला. मग ती चालू लागली. पावलं ती मोजत नव्हती.